रुळांनी आखलेले शहर

नागपूरचा नकाशा समोर पसरा आणि रेल्वेमार्गावरून बोट फिरवा. शहराच्या मधोमध उत्तर-दक्षिण जाणारी ही रेघ शहराचे सरळ दोन भाग करते. पूर्वेला महाल, इतवारी, गांधीबाग ही जुनी, दाट वस्ती. पश्चिमेला सीताबर्डी, धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ. नागपूरकर सहज बोलताना ‘रुळाच्या पलीकडे’ म्हणतो, तो याच रेघेमुळे.

मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. तेव्हा स्टेशन शहराच्या मध्यावर नव्हते. भोसल्यांची जुनी वस्ती आणि सीताबर्डीची टेकडी यांच्यामधल्या जागेतून रूळ गेले. जुन्या शहरातील घरे पाडणे महागात पडते आणि आगगाडीला उभा चढ चालत नाही. स्टेशन असे गावाच्या कडेला आले, आणि मग गावच त्याच्याभोवती वाढले.

रेल्वेने काय बदलले ते साध्या गणिताने पाहू. बैलगाडी दिवसाला सुमारे २५ किलोमीटर जाते असे धरा. नागपूर ते मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर आहे. एवढे अंतर तोडायला बैलगाडीला महिन्याहून अधिक दिवस लागतील, आणि वाटेत बैलांचा चारा, मुक्काम, पावसाळा हे सारे वेगळेच. आगगाडीला ते थोड्या दिवसांचे काम झाले. पण गाडी शेतात थांबत नाही, ती स्टेशनातच थांबते. म्हणून स्वस्त वाहतुकीचा पहिला लाभ स्टेशनाजवळच्या जमिनीला मिळतो.

कापसाचे उदाहरण घ्या. १०० किलो कापूस वेचून आणला, तर त्यातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. उरते ती बहुतेक सरकी. सरकीसकट कापूस दूर पाठवणे म्हणजे दोन तृतीयांश ओझ्याचे भाडे फुकट भरणे. शिवाय रुई हलकी पण फुगीर. डबा भरतो, वजन मात्र भरत नाही. म्हणून सरकी काढायची, रुई दाबून गासडी बांधायची आणि मग ती डब्यात चढवायची. वऱ्हाड-नागपूरकडील अनेक गावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने स्टेशनाच्या आसपास का दिसतात, त्याचे हे कारण. नागपूरचा कॉटन मार्केट हा भागही स्टेशनापासून दूर नाही.

जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली ती येथेच, जुम्मा तलावाजवळ. कापूस जवळ, गिऱ्हाईक जवळ, रेल्वे जवळ. ती जागा दलदलीची होती आणि आधी भर घालावी लागली. एका सावकाराने या उद्योगाला पैसे देण्याचे नाकारले, कारण त्याच्या मते हा गृहस्थ सोने खड्ड्यात ओतत होता. पुढे त्याने आपले मत बदलले, अशी गोष्ट सांगतात. गिरणी आज बंद आहे. तिच्या जमिनीवर मॉल उभा आहे.

आता एक कोडे. नागपूरपासून सुमारे १६ किलोमीटरवर कन्हान नदीकाठी कामठी आहे. १८२१ साली वसलेली ही लष्करी छावणी व्यापाराचेही मोठे केंद्र झाली होती. १८८० नंतर छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग कामठीवरूनच गेला. म्हणजे रेल्वे तिलाही मिळाली. तरीही १८८१ पासून तिची लोकसंख्या घटत गेली. १९०१ साली कामठीत ३८,८८८ लोक होते, तर नागपुरात १,२७,७३४. पुढे छावणीतील फौज कमी झाली हे खरे, पण व्यापार नागपूरकडे वळला तो रेल्वेमुळे. हे कसे?

पहिले कारण वेळेचे. नागपूरला रेल्वे बारा-तेरा वर्षे आधी मिळाली. तेवढ्या काळात माल चढवायला नागपूरलाच यावे लागे. व्यापाऱ्याने एकदा वखार बांधली, आडत जमवली, की तो सहसा हलत नाही. दुसरे कारण अधिक मजेचे आहे. छत्तीसगडचा मार्ग आधी मीटर गेजचा होता, रुळांमधले अंतर १००० मिलिमीटर. मुंबईचा मार्ग ब्रॉड गेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालणार नाही. साहजिकच नागपूरला प्रत्येक पोते उतरवून पुन्हा चढवावे लागे. हमाल, गाडीवान, वखारी, दलाल, सारे तेथे जमले. प्रवासात पडलेला खंड हा प्रवाशाला त्रास, पण गावाला रोजगार! कामठीला मात्र गाडी थांबून पुढे जाई. पुढे बंगाल नागपूर रेल्वेने तो मार्ग ब्रॉड गेज केला, पण तोवर नागपूरचा जम बसला होता.

लाभाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रूळ ही भिंतसुद्धा असते. समजा दोन घरे रुळांच्या दोन बाजूंना, प्रत्येकी १०० मीटरवर समोरासमोर आहेत. सरळ अंतर २०० मीटर. पण पूल ६०० मीटर दूर असेल, तर चालावे लागेल ६०० + २०० + ६००, म्हणजे १४०० मीटर, सातपट! अशा दोन वस्त्यांची शाळा, बाजार, ओळखीपाळखी वेगळ्या होतात. लोहा पूल, अजनीचा पूल येथली गर्दी या भिंतीतून निघायच्या वाटा थोड्या असल्यामुळेच होते.

२०१९ पासून नागपुरात मेट्रो धावते. तिचा बराच मार्ग खांबांवर आहे, त्यामुळे खालून रस्ते मोकळे राहतात. मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत अधिक मजले चढवण्यास नियमांनी वाव दिला आहे. जुन्या स्टेशनाने जे आपोआप केले, ते येथे ठरवून होत आहे. त्या पट्ट्यात भाड्याने राहणाऱ्यांचे काय होईल, हा मात्र विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

तुमच्या गावात स्टेशन असेल तर हा प्रयोग करा. नकाशावर रुळांच्या दोन बाजूंच्या दहा जोड्या निवडा. पट्टीने सरळ अंतर मोजा, मग दोरा रस्त्यावरून वळवत चालण्याचे अंतर मोजा, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागा. सर्वांत मोठे उत्तर कोठे येते ते पाहून त्या जागी जाऊन या. तेथील लोक रूळ कसे ओलांडतात, हे नकाशावर दिसणार नाही.