मैदानावरचा आवाज : थोडे गणित, थोडा कान

आपल्याकडे स्पोर्ट्सचे दिवस जवळ आले की सगळ्यात आधी दोन गोष्टी ठरतात, टी-शर्टचा रंग आणि साऊंडवाला. पंच कोण, चुना कोण आणणार, हे सगळे नंतर. आणि साऊंड कसा हवा? तर "मेन गेटपर्यंत गेला पाहिजे!" एवढीच मोजपट्टी. मी अणुविद्युत शाखेचा. आवाजाशी माझा अभ्यासक्रमात संबंध येतो आणि मैदानाकडच्या विंगेत खोली असल्याने अभ्यासक्रमाबाहेरही येतो. म्हणून म्हटले, या विषयावर एकदा नीट लिहू. मला गाण्यांचे वावडे आहे असा गैरसमज मात्र कुणी करून घेऊ नये. आमच्या खोलीत पहाटेपर्यंत काय वाजते ते शेजाऱ्यांना विचारा.

आधी डेसिबल समजून घेऊ. डेसिबलची पट्टी लॉगची असल्याने ९० आणि १०० मधला फरक कागदावर किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि १० वाढले की दहापट. आपल्या कानाला मात्र ती दहापट साधारण 'दुप्पट मोठा आवाज' एवढीच वाटते. म्हणजे १०० वॅटचा अॅम्प्लिफायर काढून २०० वॅटचा लावला तर फायदा फक्त ३ डेसिबलचा. भाडे वाढले, आवाज जेमतेम वाढला, आणि मग कुणीतरी म्हणणारच, "अजून एक बॉक्स मागव रे!"

कानाचा हिशेब कडक असतो. अमेरिकेच्या 'नायॉश' या संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालेल. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करत जायचे. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली जलसे आणि करमणुकीच्या ठिकाणांसाठी मर्यादा सुचवली, तीसुद्धा १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल अशीच. सामन्यानंतर खोलीवर आल्यावर कानात कुई वाजते ना, ती आतल्या केसपेशी थकल्याची खूण. प्रत्येक कानात या पेशी साधारण १५ हजार असतात. थकलेल्या सावरतात, पण मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत.

आता हे गणित मैदानावर आणू. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने पडतो. समजा, एका भोंग्याचा आवाज १ मीटरवर १२० डेसिबल आहे. २ मीटरवर तो ११४, ४ वर १०८, ८ वर १०२, १६ वर ९६, ३२ वर ९० आणि ६४ मीटरवर ८४. आता ६४ मीटरवरच्या मित्राला निवेदन ऐकू जावे म्हणून हा खटाटोप. पण भोंग्यापासून ४ मीटरवर जो स्कोअर लिहीत बसला आहे त्याचा दिवसाचा कोटा अडीच मिनिटांच्या आतच संपतो! पहिल्या चढाईत बोनस मिळेपर्यंत बिचाऱ्याचा कान निकालात.

बरे, एवढे करून पलीकडच्याला काही कळते का? गेल्या वर्षी आंतरविभागीय फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात एका गोलकीपरचा खांदा निखळला. स्ट्रेचरवाली मुले मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती. माईकवरून तीनदा पुकारा झाला. तिकडच्यांना वाटले, मागच्या सामन्याच्या बक्षिसाला बोलावताहेत, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या! शेवटी फर्स्ट इयरचा एक मुलगा मैदान आडवे कापत पळत गेला, तेव्हा स्ट्रेचर हलले. गोलकीपर तोवर गवतात दात आवळून पडलेला. त्या दिवशी आवाज कमी होता असे कुणीच म्हणणार नाही. उलट आमच्या विंगेच्या काचा थरथरत होत्या.

मग असे का व्हावे? कारण मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बोलण्यातली बरीचशी ऊर्जा स्वरांत असते, पण अर्थ व्यंजनांत असतो. स, त, क, प ही मंडळी मुळातच दुबळी, त्यातली बरीच वरच्या कंप्रतेची. डीजेचा बेस फुल्ल केला की तीच आधी बुडतात, मागे उरते नुसते "आऽऽ ओऽऽ". त्यात दोन भोंगे समोरासमोर, १०० मीटरवर टांगलेले. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे एका भोंग्याजवळ उभ्या असलेल्याला दुसऱ्याचा आवाज ०.२९ सेकंद उशिरा पोहोचतो. साधारण ०.०५ सेकंदापर्यंतची उशिराची प्रत कान पहिल्या आवाजात मिसळून घेतो. त्यापुढे ती वेगळी ऐकू येते. बोलताना आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे बोलतो, तेव्हा प्रत्येक अक्षरावर त्याच्या मागचे अक्षर येऊन आदळते. याला व्हॉल्यूम वाढवून काडीचाही उपयोग नाही, कारण दोन्ही भोंगे सारखेच वाढतात.

आणखी एक गंमत म्हणजे लोम्बार्ड परिणाम. एतियेन लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. भोंगा वाढला की प्रेक्षक ओरडून बोलू लागतात, ते ओरडले की निवेदक नॉब फिरवतो, नॉब फिरला की प्रेक्षक आणखी ओरडतात. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात पॉझिटिव्ह फीडबॅकचे उदाहरण विचारले तर हे बिनधास्त लिहा.

खेळाचे काय होते, हे खेळागणिक वेगळे आहे. बास्केटबॉलमध्ये अमेरिकेच्या एनबीएत खेळ चालू असतानाही गाणी वाजतात. ५ मार्च २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निक्स संघाने वॉरियर्सविरुद्धच्या सामन्याचा पहिला अर्धा भाग गाण्यांशिवाय, करमणुकीशिवाय खेळवला. लोकांनी नुसता खेळ ऐकावा, ही कल्पना. वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन सामन्यानंतर त्यावर सडकून टीका करून मोकळा झाला! सवय ही अशी लागते. मला मात्र तो प्रयोग आवडला. बुटांची करकर, "स्विच, स्विच" असे एकमेकांना ओरडणे, हाही बास्केटबॉलच की. क्रिकेटमध्ये निदान गोलंदाज धावू लागला की गाणे थांबते, कारण बॅटची बारीक कड लागली का हे पंचाला कानानेही टिपायचे असते.

कबड्डीचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि आपल्याकडे त्यावर कुणी बोलत नाही. चढाईपटूने "कबड्डी, कबड्डी" असा दम सलग आणि ऐकू येईल असा म्हणायचा, हा नियम. दम तुटला का, हे पंचाने ऐकायचे. आवाज हाच जिथे खेळाचा नियम आहे, तिथे चढाई चालू असताना ढोल-ताशाचा रिमिक्स लावणे म्हणजे क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना दिवे घालवण्यासारखे आहे राव! पत्र्याच्या छपराच्या इनडोअर हॉलमध्ये तर आवाज भिंतींवरून परतून परतून येतो. तिथे पंच दमाकडे कान देणार की चढाईपटूच्या ओठांकडे बघत बसणार?

कायद्याबद्दल थोडक्यात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शासनाने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेल्या भागात ती ५० आणि ४०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सांस्कृतिक आणि धार्मिक सणसमारंभांसाठी वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सूट देता येते. फ्लडलाईटखालच्या बॉक्स क्रिकेटचा त्यात उल्लेख नाही. ज्यांची सबमिशन दुसऱ्या दिवशी आहे त्यांनी एवढे कलम पाठ करून ठेवावे.

उपाय फार खर्चाचा नाही. मैदानाच्या एका टोकाला राक्षसी भोंगा लावण्याऐवजी कडेने चार छोटे बॉक्स लावा, प्रत्येकाला १६ मीटरचाच भाग द्या. तिथे तोच ८४ डेसिबल पोहोचवायला बॉक्सपासून १ मीटरवर १०८ पुरतात, १२० नव्हे. फरक १२ डेसिबलचा, म्हणजे प्रत्येक बॉक्सला सोळावा हिस्सा शक्ती आणि चौघांना मिळून पाव. तोंडे प्रेक्षकांकडे आणि थोडी खाली झुकवलेली, हॉस्टेलकडे पाठ. निवेदन पार्श्वभूमीच्या गोंगाटापेक्षा १० ते १५ डेसिबल वर असले की पुरते, त्यासाठी बोलताना गाणे बंद हवे. 'हळू' केलेले चालत नाही. आणि स्ट्रेचर, डॉक्टर, पाणी यांच्यासाठी भोंग्यावर विसंबू नये. दोन झेंडे ठेवावेत, एक लाल, एक पांढरा.

सेटिंग योग्य आहे का, हे तपासायला यंत्रही लागत नाही. सामन्यांच्या आदल्या संध्याकाळी चार जण चार कोपऱ्यांत वही घेऊन उभे करा. माईकवरून एकमेकांशी संबंध नसलेले दहा शब्द वाचा : पाट, काठ, ताट, साठ, असे फसवे. प्रत्येकाने ऐकले ते लिहायचे. नॉब खालून वर नेत जायचा आणि चारही वह्यांत दहापैकी नऊ शब्द बरोबर आले की थांबायचे. तिथे खडूने खूण करून ठेवा आणि सकाळी साऊंडवाल्याला ती खूण दाखवा.