दूरवैद्यक सेवेची कसोटी : डॉक्टरांचे समाधान

वैद्यकीय सेवा ग्रामीण भागातील सर्वसामान्य माणसाच्या दारापर्यंत पोहोचावी, या हेतूने गेल्या काही वर्षांत बाह्यरुग्ण विभागाला दूरवैद्यक सेवेची, म्हणजेच टेलिमेडिसिनची जोड देण्यात आली आहे. गावच्या आरोग्य केंद्रात बसलेला रुग्ण आणि दूरच्या रुग्णालयातील डॉक्टर यांची पडद्यावर भेट घडून येते आणि औषधयोजना ठरते. या सेवेचे यश बहुधा सल्ल्यांच्या संख्येवरून मोजले जाते. रुग्णाची सोय झाली की नाही, हेही पाहिले जाते. परंतु सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना या कामातून समाधान मिळते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः सेवेचे भवितव्य पुष्कळ अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

सेवेचा विस्तार

ही कल्पना आजची नव्हे. १९६८ साली अमेरिकेतील बोस्टन शहराच्या विमानतळावरील दवाखाना दूरदर्शन यंत्रणेने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलशी जोडण्यात आला. डॉक्टर रुग्णालयातून रुग्णाला पाहत आणि विमानतळावरील परिचारिका त्यांच्या सूचनेप्रमाणे तपासणी करीत. भारतात भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००१ पासून उपग्रहाच्या साहाय्याने दुर्गम भागातील रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडण्यास प्रारंभ केला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारची ई-संजीवनी योजना सुरू झाली आणि एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, रुग्णांना घरबसल्या सल्ला देणारा तिचा दुसरा भाग कार्यान्वित झाला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेतून देशभरात १० कोटींहून अधिक सल्ले दिले गेले. योजनेच्या पहिल्या भागाची रचना बैलगाडीच्या चाकासारखी आहे. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय हा चाकाचा तुंबा, तर उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे हे त्याचे आरे होत. आरे खिळखिळे असतील तर तुंबा कितीही मजबूत असला तरी चाक चालत नाही, हे ग्रामीण वाचकांना सांगावयास नको.

समाधान कशात आहे?

एखादे नवे साधन माणूस का स्वीकारतो, याचा विचार करताना फ्रेड डेव्हिस या अभ्यासकाने १९८९ मध्ये दोन गोष्टींवर भर दिला : ते साधन आपल्या कामास उपयोगी आहे असे त्याला वाटले पाहिजे आणि ते वापरण्यास सोपे वाटले पाहिजे. डॉक्टरांच्या बाबतीत यात तिसऱ्या गोष्टीची भर घालावी लागेल. ती म्हणजे, आपण दिलेला सल्ला बरोबर होता अशी खात्री. चित्र स्पष्ट दिसले, आवाज नीट आला, परंतु निदानाविषयी मनात शंका राहिली, तर डॉक्टरांचे समाधान होत नाही. अशा वेळी सावधगिरी म्हणून प्रत्येक रुग्णाला तालुक्याच्या रुग्णालयात जाण्याचा सल्ला दिला जातो. मग रुग्णाचा प्रवासखर्च होतो, दिवसाची मजुरी बुडते आणि ज्या हेतूने ही सेवा उभारली तो हेतूच विफल होतो. डॉक्टरांचे समाधान हा म्हणूनच केवळ त्यांच्या सुखसोयीचा विषय नाही.

दर्शन, स्पर्शन, प्रश्न

आयुर्वेदाने रुग्णपरीक्षेची तीन अंगे सांगितली आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. दूरवैद्यक सेवेला हाच निकष लावून पाहिला तर तिचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही लक्षात येतात. पडद्यावरून प्रश्न विचारता येतात. दर्शन काही प्रमाणात साधते. स्पर्शन मात्र मुळीच होत नाही.

यावरून कोणत्या रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांना समाधान मिळेल, याचा अंदाज बांधता येतो. रक्तदाब किंवा मधुमेह यांचे निदान पूर्वीच झालेले असेल आणि ताजी मोजमापे हाती असतील, तर पुढील औषधयोजना दुरूनही विश्वासाने ठरविता येते. मानसिक आजारात संभाषणालाच महत्त्व असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस ही दूरध्वनी सेवा याच तत्त्वावर उभी आहे. त्वचेच्या काही विकारांत स्वच्छ उजेडात घेतलेले छायाचित्र बरेच काही सांगून जाते. याउलट पोटात अचानक उठलेली कळ, छातीतील दुखणे किंवा बालकाला लागलेली धाप या तक्रारींत प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही. अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठविणे, हाच तेथे योग्य सल्ला होय.

स्पर्शनाची ही उणीव भरून काढणारा दुवा म्हणजे रुग्णाजवळ उपस्थित असलेला समुदाय आरोग्य अधिकारी. त्याने रुग्णाचा रक्तदाब, नाडी, तापमान व रक्तातील साखर आधीच मोजून नोंदविली, जुनी कागदपत्रे समोर ठेवली आणि तक्रार मोजक्या शब्दांत मांडली, तर डॉक्टरांना जणू त्याच्या रूपाने हातच लाभतात. बोस्टनच्या विमानतळावर परिचारिकेने जे काम केले, तेच काम आज आपल्या उपकेंद्रात व्हावयाचे आहे.

नियमांचा आधार

डॉक्टरांच्या मनातील दुसरी शंका जबाबदारीविषयीची असते. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यक व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि या क्षेत्रातील बरीच संदिग्धता दूर झाली. त्यांनुसार दूरस्थ सल्ला योग्य की प्रत्यक्ष तपासणी आवश्यक, हे ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे. रुग्णाने स्वतः संपर्क साधला असेल तर त्याची संमती गृहीत धरली जाते. आरोग्य कर्मचाऱ्याने संपर्क साधला असल्यास रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी लागते. औषधांच्या याद्या ठरवून दिल्या असून, काही औषधे पहिल्या भेटीत केवळ दृक्‌श्राव्य सल्ल्यानंतरच देता येतात. गुंगी आणणारी व मनोव्यापारांवर परिणाम करणारी नियंत्रित औषधे या मार्गाने देण्यास मनाई आहे. सल्ल्याची व औषधचिठ्ठीची नोंद ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नियमांची ही चौकट डॉक्टरांना जशी बांधून ठेवते, तशीच संरक्षणही देते. रुग्ण व त्याच्या नातेवाइकांना तिची माहिती असेल, तर "डॉक्टरांनी औषध का दिले नाही?" असा गैरसमज होणार नाही.

स्थानिक संस्थांचे कार्य

डॉक्टरांचे समाधान शहरातील रुग्णालयातच घडते असे मानणे चुकीचे ठरेल. त्याचा मोठा भाग गावात घडतो. म्हणूनच ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या सभेत पंचायत सदस्यांनी पुढील प्रश्न विचारावेत :

१. उपकेंद्रातील रक्तदाबमापक व साखर तपासण्याचे यंत्र चालू आहे काय? तपासणीच्या पट्ट्या शिल्लक आहेत काय?

२. सल्ल्याच्या वेळी वीज आणि इंटरनेट जोडणी उपलब्ध असते काय?

३. रुग्णाला मोकळेपणाने बोलता यावे, अशी आडोशाची जागा आहे काय? विशेषतः स्त्रियांच्या तक्रारी चारचौघांत सांगितल्या जात नाहीत.

४. चिठ्ठीवरील औषधे केंद्रातच मिळतात काय?

५. रुग्ण बरा झाला की नाही, हे सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना कळविले जाते काय?

यातील पाचव्या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. बाह्यरुग्ण विभागातील रुग्ण बरा होऊन परत भेटतो, तेव्हा डॉक्टरांना आपल्या निदानाची पावती मिळते. पडद्यावरील रुग्ण दृष्टीआड होताच विस्मृतीत जातो. आशा स्वयंसेविकेने आठवड्याभरात घरी जाऊन विचारपूस केली आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने ती माहिती पुढील सल्ल्याच्या वेळी डॉक्टरांपर्यंत पोहोचविली, तर डॉक्टरांना स्वतःचा निर्णय पारखून घेता येईल.

अधिकाऱ्यांनीही केवळ सल्ल्यांचे उद्दिष्ट ठरवून थांबू नये. नियमित बाह्यरुग्ण विभाग सांभाळून त्याच डॉक्टरांकडून पडद्यावरील रुग्णही घाईने उरकून घेतले, तर संख्या वाढेल, गुणवत्ता मात्र घसरेल. या कामासाठी स्वतंत्र वेळ राखून ठेवणे हितावह ठरेल. शिक्षकांनी पालकसभेत या सेवेचा योग्य उपयोग समजावून दिला, तर रुग्ण जुनी कागदपत्रे व चालू औषधे बरोबर घेऊन येतील आणि डॉक्टरांची बहुमोल मिनिटे वाचतील.

यंत्र अंतर कमी करते. विश्वास मात्र माणसांनाच निर्माण करावा लागतो. डॉक्टर, आरोग्य कर्मचारी आणि ग्रामस्थ यांनी आपापला वाटा उचलला, तर पडद्यावरील ही भेट रुग्णाला जितकी दिलासा देणारी, तितकीच डॉक्टरांनाही समाधान देणारी ठरेल.