सवलती आणि सहभाग : जमशेदपूरचा अनुभव

एखाद्या मोठ्या कारखान्यातील कामगारांना वेतन किती मिळते, रजा किती मिळते, हे हिशेबाच्या वह्यांवरून सांगता येते. परंतु ज्या निर्णयांवर त्यांचे जीवन अवलंबून असते त्या निर्णयांत त्यांना काही स्थान आहे की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. या दृष्टीने जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची स्थापना १९०७ साली मुंबईत झाली. १९१२ साली छोटा नागपूरच्या पठारावरील साकची येथे पोलादाचे उत्पादन सुरू झाले. याच गावाला १९१९ साली जमशेदपूर हे नाव मिळाले.

कामगारांच्या सोयींच्या बाबतीत ही कंपनी कायद्याच्या पुष्कळ पुढे होती. आठ तासांची पाळी तेथे १९१२ सालीच सुरू झाली. त्या वेळच्या कायद्यानुसार कापडगिरण्यांतून प्रौढ पुरुषाला दिवसाला बारा तास राबवता येत असे. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा देशभर लागू झाली ती १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने. मोफत औषधोपचार १९१५ मध्ये सुरू झाले, तर पगारी रजा आणि भविष्यनिर्वाह निधी १९२० मध्ये. नफ्यातील वाटा म्हणून बोनस देण्यास १९३४ मध्ये व ग्रॅच्युइटी देण्यास १९३७ मध्ये प्रारंभ झाला. यांपैकी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ साली, बोनसचा १९६५ साली आणि ग्रॅच्युइटीचा १९७२ साली झाला.

असे असूनही १९२०, १९२२ आणि १९२८ या वर्षी तेथे मोठे संप झाले. १९२० च्या संपामागे युद्धोत्तर महागाई होती. धान्य व कापड यांचे भाव चढले आणि त्या मानाने वेतन अपुरे पडू लागले. कामगारांची संघटना याच वर्षी उभी राहिली. वरच्या तांत्रिक जागांवर भारी पगाराचे परदेशी तज्ज्ञ होते. संचालक मंडळ दूर मुंबईत होते. भट्टीपाशी काम करणाऱ्याचे गाऱ्हाणे तेथपर्यंत पोचण्याची वाट लांब होती.

१९२८ च्या संपाचे कारण अधिक बोलके आहे. तो लढा मुख्यतः कामगारकपातीविरुद्ध होता. सुभाषचंद्र बोस यांनी त्यात पुढाकार घेतला आणि त्याच वर्षी तडजोड झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पगारी रजा, भविष्यनिर्वाह निधी यांसारखे लाभ नोकरीशी बांधलेले असतात आणि सेवेची वर्षे वाढतील तसे ते वाढतात. नोकरीच गेली तर रजेचा हक्क संपतो आणि निधीची वाढ तेथेच थांबते. म्हणून कोणाला कामावर ठेवायचे व कोणाला काढायचे, हे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती या सर्व सवलतींची किल्ली राहते.

१९५६ साली कंपनी व टाटा वर्कर्स युनियन यांच्यात झालेला करार या पार्श्वभूमीवर महत्त्वाचा ठरतो. आधुनिकीकरणाला संघटनेने संमती दिली. त्यामुळे असलेल्या कामगारांची कपात होणार नाही, अशी हमी कंपनीने दिली. विभागांपासून वरच्या पातळीपर्यंत संयुक्त मंडळे स्थापण्याचेही ठरले. उत्पादन, सुरक्षितता आणि कल्याण यांविषयीचे प्रश्न तेथे दोन्ही पक्षांनी एकत्र बसून पाहावयाचे होते.

या व्यवस्थेने सर्व वाद मिटले असे मात्र नव्हे. १९५८ साली प्रतिस्पर्धी संघटनेने पुकारलेल्या संपात मान्यतेचा प्रश्न पुढे आला : कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा? शिवाय कंत्राटदारामार्फत कामावर येणारा मजूर या चौकटीच्या कडेलाच राहिला. कारखान्याच्या त्याच आवारात राबूनही त्याचा मालक कागदोपत्री दुसराच असे. कंत्राटी कामगारांविषयीचा केंद्रीय कायदा होण्यास १९७० साल उजाडावे लागले.

म्हणून कोणत्याही मोठ्या उद्योगाचे मूल्यमापन करताना सवलतींची यादी पाहून थांबू नये. त्या किती जणांना लागू आहेत, त्या काढून घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि त्याविषयी कामगाराला कोठे बोलता येते, हेही विचारले पाहिजे.