धंदा घेतला, नाव राहिलं

१९९८ साली फोक्सवॅगनने व्हिकर्सकडून रोल्स-रॉईस मोटारींचा धंदा ४३ कोटी पौंडांना घेतला. क्रू इथला कारखाना आला, बॉनेटवरची परी आली, पुढची जाळीही आली. नाव मात्र आलं नाही! ‘रोल्स-रॉईस’ हा ट्रेडमार्क विमानांची इंजिनं बनवणाऱ्या वेगळ्याच कंपनीचा होता, आणि तिने मोटारींसाठी तो ४ कोटी पौंडांत बीएमडब्ल्यूला दिला. २००३ पासून रोल्स-रॉईस मोटारी बीएमडब्ल्यूच बनवते.

कोल्हापूरकडच्या एका मसाला-उद्योजिकेचा अनुभव याच जातीचा. त्यांनी मसाला कुटायचे डंख, गिऱ्हाइकं, उधारीच्या वह्या, सगळं रीतसर घेतलं. करारात ‘चालू व्यवसाय’ असे शब्द होते. मार्कचा उल्लेखही नव्हता. शेजारच्या तालुक्यात त्याच नावाची पाकिटं दिसू लागली आणि वकिलांनी नोटीस काढायच्या आधी रजिस्टर पाहिलं, तर मार्क जुन्या मालकांच्याच नावावर. ते तोवर वारलेले. आता वारसांच्या सह्या हव्यात, आणि भावाभावांत अबोला. “कागद या घरातून त्या घरात फिरतोय, तिकडे नकली माल खपतोय,” त्या सांगतात.

ट्रेडमार्क कायदा, १९९९ प्रमाणे हस्तांतर लेखीच लागतं. दस्तात मार्क, नोंदणी क्रमांक, वर्ग यांच्याबरोबर नावलौकिक सोबत येतोय की नाही, हेही स्पष्ट हवं. नावलौकिक वगळून मार्क घेतला, तर सहा महिन्यांत निबंधकाकडे जाहिरातीबाबतचे निर्देश मागावे लागतात. ही अट कित्येकांच्या गावीही नसते. मुद्रांक शुल्क भरून हस्तांतराच्या नोंदीसाठी टीएम-पी अर्ज करायचा. हा अर्ज होईपर्यंत, हस्तांतराची माहिती नसताना त्याच मार्कवर परस्परविरोधी हक्क मिळवणाऱ्याविरुद्ध ते हस्तांतर लागू पडत नाही.

प्रदेशही नीट लिहावा. १९९३ मध्ये रमेश चौहान यांच्या पार्लेकडून थम्स अप, लिम्का यांच्यासोबत ‘माझा’चे भारतातले हक्क कोका-कोलाकडे गेले. पंधरा वर्षांनी तुर्कस्तानातल्या नोंदणीवरून ठिणगी पडली. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने चौहान यांच्याच बिसलेरीला भारतात, आणि इथून निर्यात करायलाही, हे नाव वापरण्यास अंतरिम मनाई केली.

ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर मार्क कुणाच्या नावावर आहे, हे फुकट पाहता येतं. विसार देण्याआधी एवढं तरी पाहून घ्या.