उन्हाळ्यात धावताना अंगावर काय घालाल?

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे मैदानावर गेलात, तर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली धावताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. त्यांच्यातले काही जण त्या उकाड्यातही जाड जॅकेट किंवा प्लॅस्टिकचा सॉना सूट चढवून धावतात. जितका घाम जास्त तितकी चरबी कमी, हा त्यामागचा समज. आज मला सगळ्यात आधी याच सूटबद्दल बोलायचं आहे. कपड्यांच्या बाकीच्या चुकांनी पुरळ येतं, फोड येतात. ही चूक जिवावर बेतते.

धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष धावण्याच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. हवा त्वचेपेक्षा गार असेल तर त्यातली थोडी परस्पर बाहेर पडते. पण पारा ३५ अंशांच्या वर चढला की उलट हवाच शरीराला तापवायला लागते. मग एकच वाट उरते, घाम वाळण्याची. माठातलं पाणी गार होतं ते याच तत्त्वावर. अंगावर एक लिटर घाम वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला पाहिजे. प्लॅस्टिकच्या आत साचलेला घाम शरीरातलं पाणी तेवढं घालवतो, गारवा देत नाही. काट्यावर जो किलोभर उतरलेला दिसतो तो पाण्याचा, आणि पाणी प्यायलात की तो परत येतो. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन उतरवण्यासाठी असे सूट घालून व्यायाम करताना दगावले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत या सूटवर बंदी आली. तुमच्याकडे असा सूट असेल तर आजच टाकून द्या.

आता नेहमीचा प्रश्न: सुती की ड्राय-फिट? सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. भिजलेला टी-शर्ट जड होतो, अंगाला चिकटतो, घासतो. पॉलिएस्टर पाणी फारसं शोषत नाही, म्हणून लवकर सुकतं. तरीही विदर्भाच्या कोरड्या हवेत वीस-पंचवीस मिनिटं धावायचं असेल, तर घरातला पातळ, सैल सुती टी-शर्ट पुरेसा आहे, त्यासाठी पैसे खर्चू नका. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात हवेतच इतका दमटपणा असतो की घाम वाळतच नाही. तिथे, आणि कुठेही तासभर धावणाऱ्यांनी, पातळ पॉलिएस्टर घ्यावं. मात्र महागडा टी-शर्ट शरीराचं तापमान खाली आणतो अशी समजूत करून घेऊ नका. तो सोय देतो, संरक्षण नाही.

दुकानात कापडाचा एक पदर तोंडाशी धरून फुंकर मारा. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा लागला पाहिजे. नाही लागला तर ब्रँड कुठलाही असो, तो टी-शर्ट उन्हाळ्याचा नव्हे.

उन्हात धावणं टळत नसेल तर फिका रंग, जाळीची टोपी आणि उघड्या त्वचेला किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन हवं. पहाटे अंधारात धावणाऱ्यांनीही फिका रंगच घालावा, मागून येणाऱ्या वाहनाला तुम्ही दिसायला हवेत. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, हा विश्वास आपल्याकडे जुना आहे. त्या भरवशावर कुणी दुपारी धावायला निघू नये.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते आतल्या कपड्यांकडे. घामाने ओली चड्डी तासन्‌तास अंगावर राहिली की जांघेत गजकर्ण होतं. मग मेडिकलमधून कुणी सांगितलेलं मलम आणलं जातं. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस खाज थांबते, आतून बुरशी मात्र पसरत राहते आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. म्हणून धावून आल्यावर गप्पा मारत बसण्याआधी कपडे बदला, जांघा कोरड्या करा. मुलींनी स्पोर्ट्‌स ब्राही लगेच बदलावी, आणि ती श्वास अडेल इतकी घट्ट नसावी. मांड्या, काखा घासत असतील तर निघण्यापूर्वी व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा.

उन्हात पाय थोडे फुगतात. त्यामुळे बूट संध्याकाळी घ्या, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा, वरचं कापड जाळीचं पाहा. जाड सुती मोजे ओले राहतात आणि फोड आणतात. पातळ सिंथेटिक मोजे बरे.

पण कपडे कितीही योग्य असले तरी वेळ चुकली तर ते वाचवणार नाहीत. सूर्य उगवण्याच्या सुमाराला धावून मोकळे व्हा. उष्णतेची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर वेग आणि अंतर दोन्ही कमी ठेवा. ताप किंवा जुलाब असताना धावू नका. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी घटतं. अशी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि सोबत धावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जोडीदार असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजा. अंगाला घाम आहे म्हणून निश्चिंत राहू नका, धावताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. त्याला सावलीत घ्या, वरचे कपडे आणि बूट काढा, मिळेल तितकं गार पाणी अंगावर ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. एकाने १०८ ला फोन करावा आणि बाकीच्यांनी रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नये.