नव्या व्यवस्थापकाचे पहिले महिने

अझीम प्रेमजी १९६६ साली वडिलांचा इंतकाल होताच स्टॅनफर्डचे शिक्षण सोडून परतले व अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्याचा कारभार हाती घेतला. वय अवघे २१. सभेत एका भागधारकाने सुनावले, शेअर विकून बाजूला व्हा. ते हटले नाहीत.

असे बोल नव्या माणसाला ऐकावेच लागतात. उत्तर म्हणून घाईने बदल करू नयेत. पहिला महिना कापडाचे तागे स्वतः मोजावेत, मुनीमजींशेजारी बसून उधारीची वही वाचावी. जुना नोकर काढू नये. कोणते गिऱ्हाईक कोणाच्या शब्दावर येते, ते त्यालाच ठाऊक. भाव बदलायचे ते ईदचा हंगाम पाहून.

मी जालन्यात दुकान हाती घेताच आठवड्यात उधारी बंद केली. अंबड-भोकरदनचा शेतकरी कापूस विकल्यावरच पैसे देतो, हे वहीत दिसत होते; मी ती उघडलीच नव्हती. निम्मी गिऱ्हाइके शेजारच्या दुकानी गेली.