बाजाराच्या आधी मजुरी

आमच्या घरी पहाटेची प्रार्थना कधी चुकत नसे, मजुरांचे पैसे मात्र नेहमी राहून जात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे फार उशिरा उमगलं. माझ्यासारखे आणखी कुणी असतील, म्हणून लिहितो आहे.

यावल तालुक्यात केळी लावणाऱ्याला पैशाची ओढाताण नवी नाही. बोर्डावर भाव एक निघतो, बांधावर दुसराच मिळतो, आणि घड कापून गाडी रवाना झाली तरी पैसा हातात पडायला दिवस जातात. व्यापाऱ्याने माझे अडकवले की मी सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या पावरा आणि तडवी मजुरांचे अडकवायचो. उन्हाने जीव घाबरा झाला म्हणून कुणी लवकर निघालं, तर अर्धी हजेरी कापायचो. दारू नाही, जुगार नाही, दशांश वेळेवर. तेव्हा आपलं सगळं ठीक चाललंय, अशी माझी पक्की समजूत होती.

एका सकाळी प्रार्थना चालू असताना एक मजूर बाई दाराशी येऊन उभी राहिली. कडेवर मूल. केळीची पिलं कापताना उडालेल्या चिकाचे काळे डाग लुगड्यावर तसेच होते. आमचं आमेन होईपर्यंत ती बोलली नाही. मग म्हणाली, "भाऊ, आज बाजार आहे. आज तरी द्या." मी म्हणालो, "उद्या ये."

पुढे भुसावळला रविवारच्या उपासनेत याकोबाच्या पत्राचा 5 वा अध्याय वाचला गेला. शेत कापणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असं तिथे आहे. माझ्या डोळ्यांपुढे ती बाई उभी राहिली. त्या दिवशी मी प्रभुभोजन घेतलं नाही. घरी येऊन गुडघे टेकले, रडलो, आणि फार हलकं वाटलं.

धोका इथेच आहे, भावांनो. एक पैसाही परत दिलेला नसताना मला हलकं वाटत होतं! भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं. आपण मात्र वेदीपाशीच सगळं उरकून घेतो.

मी हजेरीची जुनी वही काढली आणि एकेकाचा हिशोब करून पैसे द्यायला निघालो. तिथेही मोह आडवा आलाच. पैशाबरोबर एखादी पत्रिका द्यावी, प्रभूने मला कसं बदललं ते सांगावं, असं मनात आलं. तसं करू नका. ज्याचे पैसे आहेत त्याला ते देताना उपकाराची भाषा नको आणि साक्षही नको. जक्कयाने गरिबांना अर्धी मालमत्ता देऊ केली, आणि ज्यांना फसवलं त्यांची चौपट भरपाई वेगळी सांगितली. दान आणि देणं यांची त्याने गल्लत केली नाही.

सवय काही एका रात्रीत मोडली नाही. हंगाम पडला की "उद्या ये" हे जुनं वाक्य अजून तोंडाशी येतं. अशा वेळी पंडिता रमाबाई आठवतात. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त पुढे काही वर्षांनी मिळाला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. एवढ्या विदुषीला वेळ लागला. म्हणून पुन्हा घसरलात तर खचू नका, आणि त्या दिवसाची मजुरी त्याच दिवशी चुकती करा. लेवीयमध्ये तर ती सकाळपर्यंतही ठेवायची नाही असं आहे.

आता बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मी वही मोठ्याने वाचतो, आणि चूक दाखवायला मजुरांना सांगतो. पैसे मुकादमाकडे न देता ज्याचे त्याच्या हातात देतो. बाईचे बाईच्या हातात, नवऱ्याच्या नाही. हात रिकामा असला तर उसने आणतो. व्याज मी भरावं, तिने का? जुन्या वहीतला एक माणूस काम शोधत गुजरातकडे गेला, तो अजून भेटलेला नाही. त्याची रक्कम वेगळी ठेवली आहे. त्याच्या पाड्यावरचं कुणी आलं की विचारतो.